‘इतर वेळी’ म्हणजे कोण? लांजा तालुक्यातल्या एका वाडीचं प्रकरण

आजींच्या मागच्या दारातून संडासाकडे जायला तीन पायऱ्या आहेत. जांभ्याच्या, उंचसखल, मधली कडेला झिजलेली. २०२३ मध्ये पाऊस उशिरा आला. जूनच्या अखेरीस तो एकदम कोसळला, तेव्हा पायऱ्यांवर सुकून बसलेलं शेवाळ पुन्हा ओलं झालं आणि पहाटे पाचच्या सुमाराला आजी मधल्या पायरीवरून घसरल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, कमरेला मुका मार बसला. हाका मारल्या, पण कौलांवर वाजणाऱ्या पावसात त्या कुणाला ऐकू जाणार? शेजारच्या वहिनींना सात वाजता शंका आली, ती आजींच्या न्हाणीच्या चुलीचा धूर दिसेना म्हणून.

म्हणजे ७६ वर्षांची बाई दोन तास पावसात पायरीवर बसून होती.

मी इथे लिहिते आहे ते अपघातापेक्षा त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांबद्दल. आजींना स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून वाडीने जे जमवलं ते कसं चाललं, कुठे मोडलं आणि त्या मोडण्यात माझा वाटा किती होता. मी लांजा तालुक्यात आरोग्याच्या एका कामावर आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि वाडीचं नाव देत नाही, एक-दोन घरगुती तपशीलही बदलले आहेत.

घर आणि माणसं

वाडीत तेवीस घरं. त्यातली अकरा गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलूप. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत जवळपास १६ लाख ९७ हजार होती, २०११ ला ती १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया निघाल्या. कागदावर हा आकडा पाहून बरं वाटतं. वाडीत त्याचा अर्थ एवढाच, की बापे मुंबईला.

आजींचे यजमानही गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, काही महिन्यांनी ते गावी आले आणि परत गेलेच नाहीत. त्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. दोन मुली, एक नालासोपाऱ्याला, एक दिव्याला, दोघींची घरं भाड्याची. आजींना श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, मुली जमेल तसं पाठवतात, दहा गुंठे भातशेती अर्धेलीने दिलेली आहे. पोटापाण्याची ओढाताण नाही. अडचण होती ती अंतरांची. संडास वीस पावलांवर, नळ अंगणाच्या टोकाला, एसटीचा फाटा दोन किलोमीटरवर, बँक चौदा किलोमीटरवर. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट झाली आहे, ऑगस्ट २०२२ पासून. पण फाट्यापर्यंत चालत जाईल तोच फुकट बसणार.

हात प्लास्टरमध्ये असताना थोरली मुलगी आजींना नालासोपाऱ्याला घेऊन गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी आणि जावई सकाळी सातला बाहेर पडायचे, नातू क्लासला. आजी दिवसभर बंद दाराच्या आत. जेवण कमी झालं, झोप उडाली, एकदा मध्यरात्री उठून पिशवी भरून बसल्या. मुलीने मला फोन केला तो याच सुमाराला. ती रडत होती, आणि त्यात रागही होता. “मी काय कमी करते?” कमी ती काहीच करत नव्हती. आजींचं म्हणणं एका वाक्याचं होतं: मी इथे कुणाला हाक मारू?

देवळातली बैठक

गणपतीला सगळे आले, आजीही आल्या आणि परत जायला तयार होईनात. गौरी-गणपतींचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. वाडीतली माणसं, मुंबईच्या मंडळाचे पदाधिकारी, दोन्ही मुली, आरोग्य उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम, आशाताई आणि मी.

सुरुवात वाईट झाली. मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, २००७ चा कायदा आहे, मुलांनी आईबापांना सांभाळलंच पाहिजे, नाहीतर प्रांताकडे अर्ज टाकता येतो. धाकटी मुलगी उठून बाहेर गेली. कायदा आहे हे खरं, आणि टाकून दिलेल्या म्हाताऱ्यांसाठी तो हवाच. पण इथे आईला कुणीच टाकलं नव्हतं. आईला राहायचं होतं एका ठिकाणी आणि मुलींची चूल होती दुसऱ्या ठिकाणी. त्यावर कुठल्याही कायद्याचं कलम चालत नाही.

मग आशाताईंनी आजींनाच विचारलं, तुम्हाला नेमकं काय जमत नाही? तोवर दीड तास आम्ही त्यांच्याबद्दल बोलत होतो, त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. आजींनी बोटं मोडून सांगितलं. हंडा उचलत नाही. रात्री बाहेर जायची भीती वाटते. बँक जमत नाही. डोळ्यांपुढे धुकं असतं. भात, कालवण, केर, तुळशीला पाणी हे सगळं जमतं, ते कुणी करायचं नाही.

शेवटच्या वाक्यावर बायका हसल्या. मला ते फार महत्त्वाचं वाटलं. मदतीची यादी करताना आपण सगळं भरून टाकतो, आणि हातातलं कामही काढून घेतलं की माणूस घरी राहूनही पाहुण्यासारखा होतो.

मी वहीच्या पानावर तक्ता केला. पाणी: समोरच्या घरातला कॉलेजचा मुलगा. गोळ्या: आशाताई, महिन्याला एकदा. पैसे: पोस्टमन. बाजार: शनिवारी रिक्षावाले दादा. लाकूडफाटा: खालच्या घरचे भाऊ. आणि शेवटची ओळ होती, इतर वेळी: शेजारी.

पायऱ्या, परात, करंडा

पहिले तीन महिने मजेत गेले. मंडळाने निम्मे आणि मुलींनी निम्मे पैसे घातले. पायऱ्यांवर खरबरीत कोबा झाला, एका बाजूला लोखंडी पाइपाचा कठडा, वर बल्ब. पुढच्या वर्षी मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून तीन हजार रुपये आले, त्यातून कमोडची खुर्ची घेतली. पावसाळ्यात रात्री ती माजघरातच असते. पहाटे ओल्यात बाहेर पडायची वेळच येत नाही. एवढी साधी गोष्ट दहा वर्षांपूर्वी कुणी का केली नाही, याचं उत्तर कुणाकडे नाही, माझ्याकडेही नाही.

फोनवर मात्र आमची सगळी भिस्त फुकट गेली. मुलींनी बटणांचा फोन दिला होता, एक दाबलं की थोरली, दोन दाबलं की वहिनी. पण रेंज पडवीच्या एकाच कोपऱ्यात. पावसात लाइट गेली की टॉवरही जातो. ज्या रात्री फोनची गरज लागणार त्याच रात्री तो मुका. शेवटी पलंगाशेजारी परात आणि पळी ठेवली. वाजवली की तीन घरांत ऐकू जाते. आतापर्यंत दोनदा वाजली. एकदा ताप चढला होता, एकदा न्हाणीत धामण आली होती. फोनचे दोन नंबर भिंतीवर अजून मोठ्या अक्षरांत आहेत. त्याखाली १४५६७ पण लिहिलाय, केंद्राची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन. योजनेची माहिती विचारायला तो बरा. न्हाणीतल्या धामणीला परातच.

सकाळची खूणही ठरली. पुढचं दार सातपर्यंत उघडलं नाही, तर ज्याच्या लक्षात येईल त्याने हाक मारायची. आधी ती धुराची खूण होतीच, कुणी ठरवलेली नसली तरी. तिला फक्त वेळ लावून दिली.

गोळ्यांची गोष्ट जरा सांगावी लागेल. आजींना रक्तदाबाची एक आणि साखरेच्या दोन, अशा गोळ्या उपकेंद्रातून मिळतात. अक्षरओळख बेताची. त्या गोळी ओळखायच्या पाकिटाच्या रंगावरून. ऑक्टोबरमध्ये रक्तदाबाची गोळी दुसऱ्या कंपनीची आली, पाकीट निळ्याचं चंदेरी झालं. आजींना वाटलं, ही डॉक्टरांनी नवीन वाढवली. जुन्या पाकिटात बारा गोळ्या शिल्लक होत्या. पाच दिवस दोन्ही घेतल्या आणि चक्कर येऊन चुलीपुढे बसल्या. सीएचओ मॅडमनी सगळी पाकिटं ओट्यावर पसरायला लावली तेव्हा उलगडा झाला.

मी प्लास्टिकची खणांची डबी आणून देणार होते. आजी आत गेल्या आणि पेटीतून कुंकवाचा जुना करंडा घेऊन आल्या. लाकडी, दोन खणांचा, कडेला लाखेचा लाल रंग टिकलेला. यजमान गेल्यापासून तो पेटीतच होता. धुऊन, उन्हात वाळवून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला: कुंकवाच्या खणात सकाळच्या, हळदीच्या खणात संध्याकाळच्या. रोज रात्री जेवण झालं की दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या स्वतः भरतात. खण रिकामा असेल तर गोळी पोटात गेली. आशाताई आल्या की नवं पाकीट करंड्याशेजारी धरून दाखवतात, जुनं हातात घेऊन फाडतात. त्यानंतर दुहेरी गोळी झालेली नाही. माझी डबी मी दुसऱ्या एका आजोबांना दिली. ते त्यात खिळे ठेवतात.

पैशाचं सोपं होईल असं वाटलं होतं, कारण पोस्टमन आता घरी येऊन अंगठ्यावर पैसे काढून देतो. अंगठाच लागेना. पन्नास वर्षांची लावणी, शेण, राख, भांडी. बोटांच्या रेषाच पुसट झालेल्या. पोस्टमनदादांनी दहाही बोटं लावून पाहिली, शेवटी डाव्या हाताची अनामिका लागली. आता ते आल्या आल्या ‘काकी, डावा हात’ म्हणतात. मशीन घासाघीस करतं, तीन-चारदा नाही म्हणतं, मग पैसे निघतात. वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्याला मात्र आजींना तलाठ्यापुढे न्यावं लागतं. रिक्षावाले दादा त्या दिवशी भाडं घेत नाहीत.

जानेवारी–फेब्रुवारी २०२४

डोळ्यांपुढचं धुकं म्हणजे मोतीबिंदू, हे नोव्हेंबरच्या शिबिरात कळलं. मग पायरीवरून पडण्यात शेवाळाइतकाच दोष डोळ्यांचाही होता. कठड्यावर खर्च करण्याआधी डोळे तपासायला हवे होते, ही आमच्या सगळ्यांचीच चूक. जानेवारीत सरकारी रुग्णालयात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पैसे लागले नाहीत, धाकटी मुलगी आठ दिवस रजा काढून आली. नवव्या दिवशी ती परत गेली. डोळ्यात थेंब घालायचे होते सहा आठवडे, सुरुवातीला दिवसातून सहा वेळा.

थेंब घालणं हे काम तक्त्यात कुणाच्या नावावर होतं? कुणाच्याच नाही. म्हणजे ‘इतर वेळी’.

वहिनी भावकीतल्या, चोपन्न वर्षांच्या. यजमान मुंबईत वॉचमन. घरी एक गाय, तीन शेळ्या, काजूची कलमं, बचत गटाचं कर्ज. रोज सहा वेळा हात धुऊन, आजींना आडवं करून, पापणी खाली ओढून थेंब. मध्ये पाणी तापवणं, कारण डोक्यावरून अंघोळ बंद. मध्ये चुलीचं, कारण धूर चालत नाही. कॉलेजच्या मुलाची परीक्षा आली, पाणीही त्यांच्याकडे आलं. थोरली मुलगी रोज फोन करायची: थेंब घातले ना? न विसरता घातले ना?

त्याच सुमाराला मंडळाच्या वार्षिक सभेचे फोटो व्हॉट्सअॅपवर आले. त्यात एक फोटो आजींच्या कठड्याचा. कठड्याला धरून मंडळाचे पाच पुरुष उभे, खाली ओळ: वाडीने जपली माणुसकी. अंगठे, फुलं, नमस्कार यांचा पाऊस.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी आल्या नाहीत.

चार दिवस. थेंब आशाताईंनी घातले, जमेल तेव्हा. पाचव्या दिवशी मी वहिनींच्या घरी गेले. त्या गोठ्यात होत्या, धार काढत होत्या, मान वर केली नाही. मी माणुसकी, आजींचा डोळा वगैरे बोलायला लागले. त्यांनी चरवी बाजूला ठेवली, हात पुसले आणि म्हणाल्या, “तुमचा तो कागद काढा. मी कुठं हाय त्याच्यात, दाखवा.”

मी वही काढली. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. शेजारी. नावसुद्धा नव्हतं. कॉलेजच्या मुलाचं होतं, रिक्षावाल्यांचं होतं, पोस्टमनचंही होतं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण ते लाज आणणारं होतं. बाकीची कामं मोजता येत होती म्हणून मी ती लिहिली. बाईचं जाणं-येणं, डोकावणं, पेज नेऊन देणं, अंगण झाडता झाडता हाक मारणं हे मला काम वाटलंच नव्हतं. मी स्वतः बाई असून.

पुन्हा मांडलेला तक्ता

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ओट्यावर बसून त्यांचा एक दिवस लिहून काढला. सकाळी साडेसहाच्या हाकेपासून रात्री नऊला कडी लागली का ते पाहण्यापर्यंत. अकरा फेऱ्या झाल्या. मी ते पान दोन्ही मुलींना पाठवलं, बरोबर काहीही न लिहिता. थोरलीचा फोन अर्ध्या तासात आला. तिचा पहिला प्रश्न होता, पैसे देऊ का? आणि लगेच दुसरा, दिले तर त्यांना वाईट नाही ना वाटणार?

हा प्रश्न भावकीत फार अवघड असतो. पैसे दिले तर नातं तुटतं म्हणतात, आणि न दिल्याने बाई मोडते त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही. वहिनींनी पहिल्यांदा सरळ नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, पगार नको, वाडी म्हणेल ही काकींची मोलकरीण. आठ दिवसांनी तोडगा त्यांनीच काढला. गाईसाठी गटातून घेतलेल्या कर्जाचा हप्ता होता महिना अठराशे. तो मुलींनी भरायचा. गटाच्या वहीत वहिनींच्याच नावावर जमा, मुलींकडून थेट. पगार म्हणून काही नाही, पण महिन्याच्या महिन्याला, न चुकता. पुढे कर्ज फिटलं, तरी ती रक्कम येत राहिली. आता ती त्यांची बचत आहे.

बाकीच्या गोष्टीही तेव्हाच ठरल्या. रविवारी वहिनी आजींकडे जाणार नाहीत, खालची दोन घरं आलटून पालटून पाहतील. लावणीचे तीन आठवडे एक मुलगी येऊन राहील, कारण त्या दिवसांत वहिनी सकाळी सातला चिखलात उतरतात ते काळोख पडायला घरी येतात. हे ठरवताना मुलींना रजेची अडचण होती. पहिल्या वर्षी धाकटीने तेवढ्या दिवसांची बिनपगारी रजा घेतली, दुसऱ्या वर्षी थोरलीने नवऱ्याला पाठवलं. जावई सासूकडे तीन आठवडे राहून पाणी भरतो आहे, याचं वाडीला इतकं कौतुक की त्याला रोज कुणीतरी मासे आणून द्यायचं. वहिनींना कधी कुणी दिले नव्हते, हे त्यांनी मला हसत हसत दोनदा सांगितलं.

आणि आजींच्या बाजूनेही एक ओळ तक्त्यात आली. ती त्यांनीच घालायला लावली. एप्रिल-मे मध्ये वहिनींचं वाळवण पडतं: आमसुलं, कुळीथ, फणसाचे पापड, काजूबिया. वानरं आणि कोंबड्या टपलेल्या असतात. आजी खळ्याच्या कडेला खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन राखणीला बसतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांना पलीकडच्या आंब्यावरचं वानर दिसतं. वहिनी तेवढ्यात गाईला पाणी दाखवून येतात, आडव्या होतात. तक्त्यात मी लिहिलं आहे: राखण, आजी, ११ ते ४.

केरळने २००८ मध्ये परिहार सेवेचं, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या देखभालीचं (पॅलिएटिव्ह केअर), धोरण केलं, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाणारी परिचारिका तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या खर्चाने फिरते, सोबत गावातले स्वयंसेवक. आमच्याकडे आशाताई आणि सीएचओ मॅडम जे करतात ते बरंचसं त्यांच्या स्वभावामुळे होतं. त्यांची बदली झाली, किंवा कामाचं एक नवं सर्वेक्षण अंगावर पडलं, की गोळ्यांचं पाकीट फाडून दाखवायला कोण येणार? ग्रामपंचायतीला हे दोनदा विचारलं आहे. ग्रामसभेत नोंद झाली, पुढे काही नाही. आजी अंथरुणाला खिळल्या तर सध्याची मांडणी पंधरा दिवसही पुरणार नाही, हे मुलींनाही मी सांगून ठेवलं आहे.

सध्या

आजींचा दुसरा डोळाही झाला. थेंबांची पाळी या वेळी तक्त्यात वेळांसकट होती, चार घरांत वाटलेली. मनगट वाकडं बसलं आहे, भाकरी थापताना दुखतं म्हणून त्या आता भातावरच असतात. पायरीवरचा कोबा पहिल्याच पावसात एका जागी फुगला होता, तो पुन्हा केला.

वहिनींची सून मुंबईत बाळंत होणार आहे. मार्चपासून त्यांना तिकडे जावं लागेल, निदान चार महिने, म्हणजे वाळवणही नाही आणि लावणीला त्या असतील की नाही तेही ठाऊक नाही. तक्त्याच्या त्यांच्या ओळीवर मी पेन्सिलीने दोन नावं लिहिली आहेत. एकीने हो म्हटलं आहे, पण हप्ता किती ते आधी ठरवा म्हणाली. दुसरीने अजून काहीच सांगितलेलं नाही.